सात पुतळ्यांचं एकच नाक

आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या की रोमच्या मांजरांनाही त्या पाठ आहेत. एका सम्राटाच्या पुतळ्यावरची धूळ झटकली तर तो शिंकला, असं मी एकदा सांगितलं. तीन परदेशी विद्वानांनी ते वहीत टिपून घेतलं. खालची हकिगत मात्र खरी आहे, म्हणूनच ती सांगायला मला ब्याऐंशी वर्षं लागली.

माझी सगळी कारकीर्द एका नाकावर उभी होती. माझ्या नव्हे, संगमरवरी.

विद्यापीठाच्या तळघरात प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती असत. खरे पुतळे सात संग्रहालयांत विखुरलेले, तिथे शिडी हवी तर तीन-तीन अर्ज करा. प्रती मात्र हाताशी, थंडगार, पांढऱ्याशुभ्र. तिथेच तिसाव्या वर्षी माझ्या ध्यानात आलं की सात वेगळ्या मुंडक्यांची नाकं एकसारखी डावीकडे कललेली आहेत. मल्ल, देव, विधवा, दाढीवाला तत्त्वज्ञ, कुणीही असो, नाक तेच! मी जाडजूड पुस्तक लिहिलं : हे सातही पुतळे ग्रीसहून रोमला आलेल्या एकाच अज्ञात शिल्पकाराचे. त्याचं बारसंही मीच केलं, ‘कलत्या नाकाचा उस्ताद’. त्याच्या खांद्यावर बसून मी पस्तिशीत प्रोफेसर झालो. त्याचं बालपण, त्याचा समुद्रप्रवास, मागे राहिलेली बायको, सगळं वर्गात असं रंगवायचो की पोरी डोळे पुसत.

पुढे एकदा नदीपलीकडच्या गल्लीत सेत्तिमिओ पाथरवटाकडे थडग्याच्या एका दगडाविषयी विचारायला गेलो. जेवायची वेळ होती, त्याने मलाही पाव देऊन बसवलं. त्याची मुलगी नुन्त्सियाता तळलेले आर्टिचोक, आमच्याकडची ती बोंडांची भाजी, घेऊन दारात आली, कडेने तिच्यावर ऊन पडलं, आणि माझ्या हातातला पाव गळून पडला. उस्तादाचं नाक त्या पोरीच्या चेहऱ्यावर होतं.

“अहो प्रोफेसर, असं टक लावून काय बघताय? लग्न ठरलंय तिचं,” सेत्तिमिओ म्हणाला.

“नाही, हे नाक...”

“ते होय? माझ्या आजीचं. आजोबा बड्या लोकांच्या फुटक्या पुतळ्यांना नाकं बसवून द्यायचे. नमुना कुठून आणणार? समोर आजी भाजी निवडत बसलेली. एकच नाक येत होतं बिचाऱ्याला, पण काय झकास येत होतं!”

“पणजोबांना कुणीतरी सांगायचं होतं,” नुन्त्सियाता म्हणाली, “देवाला तरी जरा सरळ नाक बसवा!”

मीही हसलो. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात जाऊन जन्मात पहिल्यांदा शिडी मागितली. वर चढून खऱ्या संगमरवरावर नख फिरवलं. भुवयांच्या जरा खाली ते अडकलं. केसाएवढी सांध. प्लास्टरच्या प्रतीत अशा सांधी बुजून जातात, जुनं-नवं एकजीव पांढरं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मीच शिकवत असे.

खाली उतरलो, शिडी परत केली आणि गप्प बसलो. पुस्तकाची तिसरी आवृत्ती छापखान्यात होती.

इथवर हसला असाल तर हरकत नाही. पुढचं हसण्यासारखं नाही.

बारा वर्षांनी एर्सिलिया नावाची विद्यार्थिनी आली. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. तिने सातही ठिकाणी अर्ज केले, सातही ठिकाणी ती शिडी चढली. मग भर वर्गात उभी राहून म्हणाली, “प्रोफेसर, ही नाकं मागाहून बसवलेली आहेत. सातही. दोन ठिकाणी तर आतल्या खुंटीचा गंज बाहेर आलाय.”

चाळीस पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, “बाईसाहेब, आधी चष्मा बदला, मग माझा उस्ताद बदला.”

वर्ग खो खो हसला. तिने चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि खाली बसली. तिचा प्रबंध मी पुढे सरकू दिला नाही. ती व्हितेर्बोला शाळेत शिकवायला निघून गेली.

गेल्या वसंतात एका संग्रहालयाने दालनाला माझं नाव द्यायचं ठरवलं. मी एर्सिलियाला निमंत्रण धाडलं. येईल असं वाटलं नव्हतं, पण शेवटच्या रांगेत ती होती, केस पिकलेले. पहिल्या रांगेत नुन्त्सियाता, आता स्वतःच आजी. मी मनाशी ठरवूनच उभा राहिलो. सगळं सांगितलं : आर्टिचोक, भाजी निवडणारी आजी, शिडी, चष्म्याचा टोमणाही. नुन्त्सियाताला उभं करून तिचा चेहरा सगळ्यांना दाखवला.

सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. संचालक डोळे पुसत म्हणाले, “वा प्रोफेसर! शिंकणाऱ्या सम्राटानंतर ही तुमची सर्वांत बहारदार थाप!”

“अहो, खरं आहे हे!” मी ओरडलो, तसे ते आणखीच हसले. मग पडदा ओढला गेला. पाटीवर माझं नाव, खाली ‘कलत्या नाकाच्या उस्तादाचे शोधकर्ते’. टाळ्या थांबेनात, आणि मला मान वर करवेना.

एर्सिलिया हसली नव्हती. जाताना जवळ थांबली.

“प्रोफेसर, तुमच्या जिभेवर आता कुणी विश्वास ठेवणार नाही. लिहून द्या.”

“काय लिहू?”

“ते तुम्हाला माहीत आहे.”

म्हणून हा कागद. एक प्रत संचालकांना, एक विद्यापीठाला, एक व्हितेर्बोला. सम्राट कधी शिंकला नाही. उस्ताद कधी जन्मलाच नाही. माझं नाव खोडा आणि तिथे सेत्तिमिओच्या आजोबांचं घाला. नख अडकलं त्या दिवसापासून मला सगळं ठाऊक होतं. आणि एर्सिलियाचा चष्मा पहिल्यापासून बरोबर होता.