पोटाचा पट्टा

कलाबाईनं आयुष्यात माणसांवर फार भरवसा टाकला नव्हता. त्या एका दिवशी टाकला, आणि तोंडघशी पडली.

आंबागडच्या रस्त्याला लागून ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा तलाव होता. त्यात ओढायचं महाजाल कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. घरटी एक पट्टा, असे सगळ्या मोहल्ल्याचे पट्टे शेजारीशेजारी शिवून ते एवढं लांबरुंद झालं होतं. ज्याचा पट्टा, त्याला वाटा. मधल्या पट्ट्याला पोट म्हणत. जाळं आवळत आणलं की सगळी मासोळी शेवटी तिथंच गोळा होई. तो मान कलाबाईच्या घराचा. नवरा गेला, पण मान राहिला.

उन्हाळ्यात संस्थेनं ठराव केला होता. आखाडीपासून पोळ्यापर्यंत तलावाच्या उथळ कडेला, जिथं देवधान, म्हणजे रानटी भात, उगवतं, तिथं महाजाल घालायचं नाही. मरळ तिथंच पिल्लं वाढवते. कलाबाईही त्याच कडेला हातजाळीनं झिंगे धरून जगत होती; कड खरवडली गेली तर तिची चूल थंड. हद्द कळावी म्हणून बांबू रोवले. अध्यक्ष चंद्रभाननंसुद्धा ठरावाला हात वर केला होता.

श्रावणात लाखनीचा एक व्यापारी आला. त्याला कोंबड्यांच्या खाद्यासाठी बारीकसारीक, चिमूटभर जीवसुद्धा चालत होता. चंद्रभाननं बांबू उपटून टाकले आणि जाळं ओढायला माणसांऐवजी ट्रॅक्टर सांगितला.

कलाबाई दिराकडे, मधुकररावांकडे गेली. "भाऊजी, पट्टेच काढून घेऊ. जाल तुटलं का ट्रॅक्टर काय ओढीन, चिखल?"

मधुकररावांनी मान डोलावली. आणखी तिघं तयार झाले. तलावाचं पाणी ओंजळीत घेऊन चौघांनी शब्द दिला.

सकाळी पारीवर, तलावाच्या बांधावर, जाळं पसरलं होतं. कलाबाई बसली आणि तिनं आपल्या पट्ट्याच्या गाठी एकेक करून सोडल्या. पट्टा खांद्यावर टाकून ती उठली, मागं वळून पाहिलं. मधुकरराव तंबाखू मळत होते. बाकीचे तिघं ट्रॅक्टरचं चाक न्याहाळत होते, जणू चाक कधी पाहिलंच नव्हतं.

"काहून वहिनी, एकटीच?" चंद्रभान हसला. "वरात कुठं गेली तुही?"

"भाऊजी?" कलाबाई म्हणाली.

मधुकररावांनी तंबाखू तोंडात टाकली. "घरी लेकरंबाळं हायेत ना माय. तुह्यं काय, एकटा जीव."

"पाणी कायले उचललं होतं मंग?"

 कुणीतरी मागून म्हणालं, "ठरावाची पूजा करत जाय घरी, उदबत्ती लावून." सगळे फिदीफिदी हसले.

चंद्रभाननं व्यापाऱ्याच्या गाडीतून मच्छरदाणीच्या कापडाचा तागा काढला आणि तिच्या रिकाम्या जागी शिवायला लावला. ट्रॅक्टर घरघरला. देवधान मुळासकट उपटत जाळं कडेला आलं, आणि त्या कापडात काय निघालं ते पाहायला कलाबाई पुढं झाली. मरळीची तांबूस पिल्लं, लापशीसारखी, एकमेकांत कालवलेली. तिच्या पट्ट्याची भोकं दोन बोटं जातील एवढी होती. इतकी वर्षं हे जीव तिथूनच निसटत होते. ते दार तिनंच काढून खांद्यावर घेतलं होतं.

व्यापारी खुशीत टोपल्या मागवू लागला. पण कापडातून पाणी निघेना. चिखलानं ते टम्म फुगून एका अंगानं फाटलं. ट्रॅक्टरवाला कावला, "असं ओढलं तर माह्या गाडीचा दम निघते."

"दोन पदरी लावू," चंद्रभान म्हणाला. "कड अजून अर्धी बाकी हाये."

कलाबाई जाळ्यापाशी आली. "माहा पट्टा लाव. तो फाटत नाई."

"असा कसा? आधी सगळ्याइच्या समोर म्हण, चुकली म्हणून."

"चुकली," ती म्हणाली. खरोखरच चुकली होती. फक्त कशात, ते विचारायची अक्कल तिथं कुणाला नव्हती.

"मोठ्यानं!"

तिनं मोठ्यानं म्हटलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मधुकररावांनी शिवायची सुई पुढं केली; तिनं ती घेतली नाही, आपली काढली. दुहेरी गाठी मारत ती सावकाश शिवत गेली. कापड बाजूला पडलं.

दुसऱ्या ओढीला जाळं पाण्याबाहेर येईस्तो बारीक जीव पोटातून पाझरून गेला. दोन मोठ्या मरळी, चार रोहू आणि भाराभर गवत, एवढंच राहिलं. व्यापाऱ्यानं टोपलं पायानं लोटलं. "हे काय करू मी? कोंबड्या गवत खातेत का?"

चंद्रभानच्या ध्यानात आलं. "सोड तुहा पट्टा."

"नाई सोडत."

"मी कापतो मंग. विळा आण रे कोणी!"

कलाबाई ओल्या जाळ्यावर, आपल्या पट्ट्यावर, मांडी घालून बसली. घरच्या माणसाखेरीज पट्ट्याची गाठ कुणी तोडायची नाही, ही रीत चंद्रभानलाही ठाऊक होती. पण रागात माणसाला रीत कुठली?

विळे पाच-सहा जणांच्या कमरेला होते. कुणी हललं नाही. तिची कणव कुणालाच आली नव्हती. एकजण तर तिच्या रोखानं थुंकलाही. पण त्या जाळ्यात प्रत्येकाचा पट्टा होता. आज अध्यक्षाच्या हातानं हिची गाठ तुटली तर उद्या आपली तुटेल, एवढा हिशेब ज्याला त्याला समजत होता.

"बुढी आजचा धंदा बुडवून राहिली, अन् तुमी पाहून राहिले बे!" चंद्रभान ओरडला.

"पाहून राहिलो," मधुकरराव खाली मान घालून म्हणाले, आणि विळा पाठीमागं सरकवला.

व्यापाऱ्याची गाडी निघून गेली. मग एकेक जण शिव्या देत आपापल्या वाटेला लागला.  कलाबाईच्या अंगावरून जावं तसे गेले. ट्रॅक्टरवाल्यानं चंद्रभानला मात्र विचारलं, "उद्या येऊ का नको?"

चंद्रभाननं जाळ्यावर बसलेल्या कलाबाईकडे पाहिलं. "ते हिलेच विचार," तो म्हणाला, आणि फटफटीला लाथ मारली.

 ती उठायची वाट पाहत ट्रॅक्टरवाला थोडा वेळ उभा राहिला; ती उठली नाही, तेव्हा त्यानं जाळ्याचा दोर सोडला आणि ट्रॅक्टर घराकडे वळवला.