अक्रोडाचा रंग

"मान खाली घे, आई. मागचे राहिलेत."

"राहू देत. मागून कोण बघतंय?"

"तो बघेल. काल माझ्या हिरड्यांवरून बोट फिरवून बघितलंय त्याने."

अक्रोडाच्या सालींच्या पाण्यात काजळी आणि चरबी कालवून टिर्झा ते बोटांनी बायनाच्या केसांना चोळत होती. वखारीला खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या पट्टीत तिने आईचं डोकं धरलं होतं. भातमळ्याचा मालक वारला, मुलांनी वाटण्या केल्या आणि मळ्यावरची सगळी गुलाम माणसं चार्ल्सटनला विकायला आणली. अलाबामाच्या एका कापूसवाल्याने काल टिर्झाला पसंत केलं. जोडीला त्याला आणखी एक बाई हवी होती, पण चाळिशीच्या आतली. बायनाने पन्नाशी कधीच ओलांडली होती.

रंगाचं भांडं विक्री करून देणाऱ्या दलालानेच पाठवलं होतं. म्हातारं माणूस तरुण दाखवून विकणं हा त्याचा धंदाच.

"मलापण लाव गं थोडा," कोपऱ्यातून पॉम्पेकाका म्हणाले. "एखादी नवरी मिळेल."

"तुम्हाला बादली लागेल, काका."

दोघंचौघं हसली.

"हे केस काही उन्हात पांढरे नाही झाले," बायना पुटपुटली.

"आज तेवढं कबूल करू नकोस. वय विचारलं तर?"

"अडतीस."

"मग मी तिशीची तुझी लेक कशी?"

"धाकटी बहीण हो. बायना म्हणून हाक मार. तोंडातून आई निघालं तर बघ."

अंगणात जूनचं ऊन होतं. कापूसवाल्याने बायनाला वाकायला लावलं, मग भिंतीपर्यंत धावायला. जन्मभर भातखाचरांच्या चिखलात राबलेले पाय. ती धावली आणि हसत परत आली.

"अजून एकदा," तो म्हणाला.

दुसऱ्या खेपेला तिच्या कानशिलावरून एक काळा ओघळ निघाला आणि गालावरून हनुवटीपर्यंत आला. टिर्झा बघत राहिली. त्याने रुमालाने तो टिपला आणि रुमाल शेजारी उभ्या दलालाला दाखवला. तो चिडला नाही, हसला. दलालही हसला.

त्याने टिर्झा एकटीच घेतली.

गाडी जुंपेपर्यंत बायनाला जवळ येऊ दिलं. तोवर ओघळ वाळला होता.

"आता म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"आई म्हण. आता काय बिघडतंय."

"आई."

"ओ," बायना म्हणाली, बांधापलीकडून हाक आल्यासारखी.

अलाबामाला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या बाईने टिर्झापुढे साबण सरकवला. "हात काय करून घेतलेस गं? घास ना."

"जाईल आपोआप."

बोटांवरचा रंग गेला. नखांवरचा राहिला. नख वाढेल तसा तो टोकाकडे सरकत होता, म्हणून टिर्झा नखं कापत नव्हती. कापूस फुटला तशी बोंडांच्या काट्यांनी ती एकेक तुटत गेली. शेवटी उजव्या अंगठ्याचं तेवढं उरलं.

मग ती अंगठा तळव्याशी दुमडून चार बोटांनी कापूस वेचू लागली. तिची पिशवी सगळ्यांच्या मागून भरायची. मुकादम हातातला चाबूक मांडीवर आपटत तिच्या ओळीपाशी येऊन उभा राहायचा, तरी ती अंगठा उघडायची नाही.