वायर लागली का

आमच्या मुलुंडच्या घरात रेडिओचं टेबल एकाच माणसाचं, ह्यांचं. वर्षापूर्वी हे गेले. सुनेनं, शुभानं, परीक्षा दिली, हॅम रेडिओचं, म्हणजे घरबसल्या दूरच्या माणसांशी बोलायच्या रेडिओचं, लायसन काढलं आणि ह्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. मला विचारलं नाही.

मग आठ महिने खपून तिनं अॅम्प्लिफायर जोडला. रेडिओचा जोर दहापट करणारी पेटी. रविवारी तो पहिल्यांदा लावायचा होता.

गच्चीवरच्या अँटेनाची केबल खिडकीतून आत येते, तिथंच तिचा जोड आहे. सकाळी मी तो फिरवून सोडवला. खिडकी पुसायची होती असं सांगणार होते. खरं म्हणजे नुसता राग.

ह्यांनी एकदा केबल न लावता बोलायचं बटण दाबलं होतं. जोर बाहेर जायला वाट नाही, सेट आतल्या आत जळला. तेव्हापासून हे टेबलावरून विचारायचे, "वायर?" मी जोड ओढून बघायचे आणि सांगायचे, "लागली." मगच बटण. तीस वर्षं.

शुभानं पेटीच्या मागच्या वायरी लावल्या. रेडिओचा आवाज बंद ठेवला होता, नाहीतर नेहमीची खरखर येत नाही हे तेव्हाच कळलं असतं.

"सरका जरा, आई. उजेड अडतोय."

"माझ्या घरातला उजेड आहे."

"मग तुम्हीच चालवा."

"परीक्षा तू दिलीस ना? दाखव अक्कल."

तिनं बटणावर बोट ठेवलं. मी खिडकीशी गवार मोडत बसले. जळू दे, मनात म्हटलं.

बोट थांबलं. मान न वळवता ती म्हणाली, "वायर?"

लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं तिनं. "लागली" एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलेना. त्या शब्दाला मी कधी खोटी पडले नव्हते, आणि हिच्यापायी पडणार नव्हते.

"नाही लागलेली. मी काढलीय."

ती वळली. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"बाबा असते तर केलं असतंत?"

"ते असते तर तू त्या खुर्चीत नसतीस."

उठले, जोड घट्ट फिरवला, ओढून बघितला. "लागली."

तिनं बटण दाबून हाक दिली. पेटीवरचा काटा चढला आणि स्थिरावला. थोड्या वेळानं गोव्याहून कोणी उत्तर दिलं, आवाज झकास येतोय म्हणाला.

"पुन्हा हात लावलात," शुभा म्हणाली, "तर टेबल माझ्या खोलीत नेईन."

"ने. मग वायर कोणाला विचारशील?"