आनंदीबाईचा उजवा हात

आमचे हे, म्हणजे रामदास मास्तर, गिरगावातल्या शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि रविवार आला की माहीमच्या कोळीवाड्यात जाऊन बसत. बाकीचे चित्रकार कोळीण काढायचे ती नाचणारी, कमरेवर हात ठेवलेली. यांना नाच नको असायचा. जाळं विणणारा म्हातारा, बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, पोरीच्या उवा काढणारी आई, असलं काहीतरी काढून आणायचे. सदऱ्याला सुक्या मासळीचा वास यायचा. मी तो थेट बादलीत टाकायची आणि म्हणायची, "बायको ठाकूरद्वारला नि जीव माहीमला!"

सत्तावन्न साल ते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी सगळं गिरगाव पेटलेलं. शेजारच्या बाबुरावांच्या मंडळाने चित्रांचं प्रदर्शन ठरवलं आणि बाबुराव स्वतः घरी आले. म्हणाले, "मुंबई कुणाची म्हणून विचारतात ना, मास्तर? मग मुंबईची मूळ मालकीणच दाखवा त्यांना."

यांनी आनंदीबाईला काढलं. चाळिशीची कोळीण, मासळी चिरताना, पुढ्यात पाट आणि हातात सुरी. पाच रविवार ती समोर होती, पण चित्रासाठी म्हणून काम काही तिने थांबवलं नाही.

चित्र घरी आलं आणि मी ते बघतच राहिले. कामात बुडालेल्या बाईचा चेहरा इतका खरा मी कधी पाहिला नव्हता. पण एक गोष्ट मला खटकली. डाव्या हातात मनगटभर हिरवा चुडा आणि सुरी धरलेला उजवा हात साफ भुंडा.

"अहो, सवाष्ण ना ती? मग हा हात असा कसा?"

"त्या हातात नाहीतच तिच्या बांगड्या."

"का नाहीत ते विचारलंत?"

"ती चिरत होती, मी काढत होतो. विचारायचं काय त्यात?"

"म्हणजे कामापुरत्या उतरवल्या असतील. चारचौघांत तिचा असा हात टांगणार तुम्ही? लोक अभद्र बोलतील तिच्याबद्दल."

मी हटूनच बसले. शेवटी प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी यांनी वैतागून उजव्या मनगटावर सात हिरव्या बांगड्या काढल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी त्या बाईची लाज राखली, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी आनंदीबाई प्रदर्शनाच्या हॉलवर आली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. चित्रासमोर उभी राहिली, हसली आणि एकदम हसायची थांबली.

"ह्यो हात कुनी भरला?"

मला वाचवायला हे माझं नाव घेणार नाहीत, ते मला कळलं. मीच पुढे झाले. "मी सांगितलं भरायला. सवाष्णीचा हात मोकळा बरा नाही दिसत, बाई."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता स्वतःचा उजवा हात माझ्यापुढे धरला. "लग्नात या हातच्या बांगड्या आमी दर्याला देतो, बाय. त्यानं माज्या दादल्याला सांबालावं म्हून. दिलेलं मागं घेत्यात का? चार दिस झाले, होडी दर्यान हाय त्याची. वारा कसा सुटलाय बग."

मी यांच्याकडे रंग पुसायला टर्पेंटाइन मागितलं. बाबुराव मधे आले, "अहो वहिनी, पाहुणे दारात येतील! उद्या पुसा की."

"बाबुराव, मालकीण म्हणता ना तिला? मग तिचं ऐका!" मी हॉलभर ऐकू जाईल इतक्या जोरात बोलले.

रंग अजून ओला होता, म्हणून बरं. यांनी फडकं भिजवून माझ्याच हातात दिलं. मी एकेक बांगडी पुसली. खालचा रंगही थोडा निघाला आणि त्या मनगटावर मळकट हिरवट डाग राहिला. बाबुरावांनी चित्र उचलून जिन्याजवळच्या अंधाऱ्या भिंतीला लावलं. आनंदीबाई पदर खोचून सरळ निघून गेली.

तिसऱ्या दिवशीही होडी परतल्याचा निरोप नव्हता. ज्या कोळीवाड्याच्या वासाला मी जन्मभर नाकं मुरडली, तिथे मी एकटी गेले.

आनंदीबाई किनाऱ्यावर उभी होती. आणखीही बायका होत्या. माझ्याकडे बघून तिने मान हलवली, बस म्हणाली नाही की जा म्हणाली नाही. मी तिच्या शेजारी उभी राहिले. मी माफी मागायला आले होते, पण मनात एकच चाललं होतं, माझ्यामुळे नको, देवा, माझ्यामुळे नको.

ऊन कलताना लांबवर एक शीड दिसलं. बायका गलका करायला लागल्या. आनंदीबाई मात्र होडी वाळूला लागेपर्यंत हलली नाही. एक काळा, उंच माणूस पाण्यात उतरला आणि हिने त्याला तिथूनच फैलावर घेतलं, "किती दिस लावलंस रे? घर हाय का नाय तुला?"

तो दात काढून हसला. माझा बांध फुटला. पदर तोंडात कोंबूनही हुंदका आवरेना.

आनंदीबाई वळली. तिचेही डोळे भरलेले होते. तिने माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "आता तू कनाला रडतंस, बाय? तुजा दादला आलाय का माजा?"