ढब्बूचा नमस्कार

"महाराज, आमचा ढब्बू लोणी खाल्ल्यावरच का हो नमस्कार करतो? आधी का नाही?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विचारलं. आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं पार जिन्यापर्यंत बसलेली आणि मधोमध आमचा कुत्रा. पुढचे पाय पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. सगळे हात जोडून बघत होते.

"भक्ती पोटातून येते, बाळ," लोणीमहाराज म्हणाले. हे नाव आम्ही मुलींनी ठेवलेलं. रोज प्रवचनाआधी ते ढब्बूला लोण्याचा गोळा भरवायचे. "मागच्या जन्मी हा माझा शिष्य होता."

"मग या जन्मी शेपूट का हलवत नाही?"

"गप्प बस गं," बाबांनी दटावलं. चमत्कार आमच्या घरात होत होता, त्यांची मान केवढी ताठ झाली होती.

पण मी बरी गप्प बसेन. खेळायला बोलावताना कुत्रा असाच वाकतो, पण लगेच उसळतो. ढब्बू वाकलेलाच राहायचा. शिवाय सकाळचं खाणं तसंच टाकून पलंगाखाली जाऊन बसायचा.

मी तेही सांगितलं. "वैराग्य," महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ढब्बूच्या उलट्या थांबेनात, तेव्हा कुठे आईनं गाडी काढली.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला मात्र, ढब्बू कळवळला.

"असा वाकायचा का हा?" त्यांनी हातानंच करून दाखवलं.

"नमस्कार करायचा," बाबा म्हणाले.

"पोटात कळ आली की कुत्री अशी वाकतात. पोट ताणलं की जरा बरं वाटतं. स्वादुपिंडाला सूज आलीय, लोण्यानं ती आणखी भडकली. कधीपासून चाललंय?"

"महिनाभर," बाबा म्हणाले. "आम्ही हात जोडत होतो हो."

संध्याकाळी दवाखान्यातच ढब्बू गेला. त्याची मान माझ्या मनगटावर होती. ती जड होत गेली, एवढंच कळलं.

महिनाभर तो सगळ्यांसमोर सांगत होता, दुखतंय म्हणून. तुमचा कुत्रा जेवण टाकत असेल, लपून बसत असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, सारखा विचित्र वाकत असेल, तर त्याचे अर्थ लावत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. लगेच.

घरी आलो तोवर बातमी महाराजांपर्यंत पोचली होती आणि त्यांचा निरोप आलेला: शिष्य मुक्त झाला, दाराशी त्याचा चबुतरा बांधा.

"आई, बाबा," मी म्हणाले, "चबुतरा होणार नाही. उद्या माणसं जमली की महाराजांच्या जागेवर मी बसणार आहे आणि ढब्बूला काय होत होतं ते सगळं सांगणार आहे. तुम्ही दोघं पुढे बसा."