चांदीच्या पाण्यातलं 'बीज'

हुबळीजवळच्या नवनगरातल्या मंगल कार्यालयात नुसते पुरुष जमले होते. पाय ठेवायला जागा नव्हती, पण कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आपल्याला मूल नाही हे शेजाऱ्याला कळू नये, एवढीच प्रत्येकाची धडपड.

स्टेजवर रजतानंद महाराजांनी मायक्रोस्कोप टीव्हीला जोडला. आधी साधं पाणी दाखवलं. पडद्यावर काहीच नाही. मग मंत्र पुटपुटून चांदीच्या पाण्याचा थेंब टाकला. असंख्य ठिपके थरथरू लागले.

"बीज नाचतंय, बघा! नॅनो-चांदी! अमेरिकेला आज कळली, आपले ऋषी द्वापरयुगात पीत होते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागे उभ्या पद्मनाभचे डोळे भरून आले.

सप्तापुरातल्या भाड्याच्या खोल्यांत तो एकटाच राही. शुक्राणू त्याचे कमी, तरी गावाकडच्या घरच्यांचे टोमणे बायकोला. लीला शेवटी अळणावरला माहेरी निघून गेली होती. संध्याकाळी कन्नड बातम्या संपल्या की तो मराठी लावी. घरात माणसाचा आवाज हवा म्हणून.

काही महिने महाराजांचं पाणी पिऊन त्यानं हुबळीच्या डॉक्टर भार्गवींकडे तपासणी करून घेतली. शुक्राणूंचा आकडा आणखी घसरला होता.

"काही घेताय का?"

त्यानं बाटली पुढं केली. डॉक्टरांनी त्यातला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. मग उकळलेल्या पाण्यात चित्रकलेची काळी शाई कालवून तोही दाखवला. दोन्हीकडे तेच थरथरणं.

"शाईतही बीज आहे?" पद्मनाभ गोंधळला.

"बीज कुठलं! पाण्याचे रेणू सतत धडका देतात. कण बारीक असला की तो हलतोच. शुक्राणू शेपटीनं पोहत पुढं जातो."

"मग चांदीनं निदान अपाय तरी नाही ना?"

"उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांत असे अतिसूक्ष्म कण घातक ठरलेत. तुमचा आकडा त्यामुळंच घसरला असं मी म्हणणार नाही. माणसांबद्दल अजून पुरतं कळलेलं नाही. पण न कळलेली गोष्ट रोज प्यायची कशाला?"

पुढच्या रविवारी महाराजांच्या सभेत पद्मनाभ स्टेजवर चढला आणि महाराजांनी अडवायच्या आत काचेवर पाण्यात कालवलेली शाई टाकली. पडदा नाचू लागला.

"महाराज, ह्या शाईला मूल होईल?"

"तुझी श्रद्धा कमी पडली!"

"श्रद्धा भरपूर होती. डॉक्टरांनी तपासलंय, कमी आहेत ते शुक्राणू. माझे! बायकोत काही दोष नाही."

गर्दीतला एक शेतकरी उठून म्हणाला, "अण्णा, त्या डॉक्टरांचा दवाखाना कुठं आहे?" महाराजांनी घाईघाईनं टीव्ही बंद केला.

दुसऱ्या दिवशी पद्मनाभनं अळणावरला जाऊन लीलाला सगळं सांगितलं. तिनं चहा दिला, ऐकून घेतलं.

"परक्यांसमोर बोललात. घरच्यांसमोर बोलाल?"

"बोलेन."

"आधी बोला. मग येते."

तो एकटाच परतला. रेल्वेच्या रिकाम्या डब्यात बसून गावाकडे घरच्यांसमोर काय बोलायचं ते जुळवत राहिला.

मूल होईल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कुणी बाटली पुढं केली, की "कशावरून?" एवढं तरी विचारा. आणि दोष कुणाचा हे ठरवण्याआधी दोघांचीही तपासणी करा.