भाऊजींनी दिलेली तारीख

भाऊजींनी पुन्हा तारीख देऊन टाकली आणि वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिना चढणारी हातगाडी हा दोघांचा धंदा. घराखालच्या गॅरेजमध्ये वहिनी ती बनवायची आणि धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, ती विकायला बघायचे. फ्रिज बांधा, मूठ दाबा, गाडी आपली एकेक पायरी वर. मोटर झकास, चाकं झकास, पण मध्येच मूठ सोडली की ब्रेक लावेपर्यंत भरलेली गाडी पायरीभर खाली घसरायची. ती घसरत असतानाच भाऊजींनी फ्रिजच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंना सांगितलं, सोमवारी या, चढताना बघा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"माझ्या कामाची तारीख मला न विचारता दिलीत, ही शेवटची," वहिनी म्हणाली. "पुन्हा असं झालं तर मी बाहेर. मग गाडी तुम्हीच बनवा."

ती नुसती धमकी नव्हती. रात्रंदिवस खपून उभी केलेली गाडी सोडणं तिच्या जिवावर आलं असतं, पण सोडली असती तिने.

मग अबोला. निरोप्याचं काम आलं तिच्या नवऱ्याकडे. बायकोचे टोमणे खाली भावाला, भावाचे वर बायकोला, असं करता करता तो बिचारा मेटाकुटीला आला आणि शनिवारी त्याने हात जोडले. यापुढे ज्याचं त्याने बोलावं, नाहीतर गप्प बसावं. दोघं गप्प बसले.

रविवारी वहिनी गॅरेजमध्ये शिरली. दिलेला शब्द मोडला तर नाव धंद्याचं जाणार, भाऊजींचं एकट्याचं नाही, हे तिला कळत होतं. रागात हात भराभर चालत होते. आणि दुपारी तिला एकदम दिसलं. ब्रेक वेगळा हाताने लावायला नको, मूठ दाबल्यावर तो सुटायला हवा. म्हणजे मूठ सोडली की तो आपोआप बसेल! तिने ब्रेकची स्प्रिंग उलटी बसवली, वाळूची पोती बांधली, जिन्याच्या मधोमध मूठ सोडली. गाडी जागची हलली नाही. वहिनी एकटीच नाचली. सांगणार कुणाला? ज्याला सांगायचं त्याच्याशीच अबोला.

सोमवारी ती चांगले कपडे घालून तयार. बाईंचा पत्ता नाही. भाऊजी आले ते घरच्याच चुरगळलेल्या कपड्यांत, मान खाली घालून.

"कोणी येणार नाही, वहिनी. बाईंना मी शनिवारीच नको म्हणून कळवलं. तुमचं बरोबर होतं."

"गाडी तयार आहे," वहिनी म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे हसत सुटले की वरून नवरा काय झालं म्हणून धावत आला. त्यालाच हाताशी धरून त्यांनी गाडी टेम्पोत चढवली. बाई येत नाहीत ना, मग आपण जाऊ!

दुकानाचं गोदाम तिसऱ्या मजल्यावर होतं. दुकानातला सगळ्यात थोराड फ्रिज बांधला, वहिनीने मूठ दाबली आणि गाडी चढू लागली. हमाल काम सोडून मागे आले.

"मध्येच हात सुटला तर?" बाईंनी विचारलं.

सवयीने भाऊजींनी तोंड उघडलं. मग मिटलं. "ते वहिनी सांगतील," ते म्हणाले.

वहिनीला भरून आलं. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून तिने दोन्ही हात काढून घेतले. फ्रिज तिरपा, अर्ध्या जिन्यात, ठाम उभा. हमालांनी टाळ्या पिटल्या.

"अशा दहा हव्यात. कधी देता?" बाई म्हणाल्या.

भाऊजी शहाण्यासारखे भिंतीकडे बघत राहिले.

"येत्या शनिवारी," वहिनी म्हणाली.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. पहिली गाडी बनवायला वर्ष गेलं होतं. आनंदाच्या भरात जीभ कशी सुटते, ते वहिनीला आत्ता कळलं, पण शब्द तोंडातून गेला होता आणि बाई हात पुढे करून उभ्या होत्या.

टेम्पो घराकडे निघाला.

"मला विचारायचं तरी," भाऊजी हळूच म्हणाले.

"चुकलंच माझं," वहिनी म्हणाली, आणि तिला पुन्हा हसू फुटलं. "आता बाह्या सरसावा. नट आवळता येतात ना?"

भाऊजींनी थोडा विचार केला. "डावीकडे फिरवायचे की उजवीकडे?"